वासराची हाक

ठेव तो सॅक्सोफोन खाली, येर्सोन. संध्याकाळपासून त्या एका उंच सुरामागं लागलायस. येईल तो, न यायला काय झालं, पण आज रात्री नको. उद्या पहाटे चौकात वाजवायचंय, आणि या शाळेच्या एका खोलीत आपण सगळे पेंढ्यावर पसरलोय. झोप येत नसेल तर चहा ओता, त्यात उसाची दारू जरा सढळ हातानं घाला, आणि कान इकडं करा. मी बॅरिटोन, म्हणजे सगळ्यात जाड आवाजाचा सॅक्सोफोन, वाजवणारा माणूस. जन्मभर खालच्या सुरात बसलो, माझ्याकडं कोणी ढुंकून बघत नाही, पण मी थांबलो की सगळ्या ऑर्केस्ट्राच्या माना वळतात. वरच्या सुरांचं मला काही कौतुक नाही. का नाही, ते सांगतो.

सातुर्निनो कामारेना आपल्याच ऑर्केस्ट्रात होता, दुसऱ्या ओळीत, आल्टो सॅक्सोफोनवर. तुम्ही पोरं आलात त्याच्या आधीच तो घरी बसला. माझा कोंपाद्रे तो. त्याच्या मुलीचा, नोएमीचा, बाप्तिस्मा झाला तेव्हा पाद्र्यापुढं तिला मी हातावर धरली होती, म्हणजे देवाच्या लेखी तिचा अर्धा बाप मी. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि मी त्याला पदरची मीठमिरची लावत नाही. लावायची गरजही नाही.

साल दोन हजार चोवीस. ऑक्टोबरची एकतीस तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी, मेलेल्यांच्या सणाला, वारलेली माणसं दुपारी बाराला घरी जेवायला यायची, म्हणून घरोघरी टेबलं मांडणं चाललं होतं. सातुर्निनोची बायको एर्मेलिंदा सकाळपासून चुलीपुढं होती. बटाटे झाले, मका भाजून झाला, आणि अंधार पडायच्या सुमाराला तिनं त्याला पाव आणायला पाठवलं. गावाच्या वरच्या टोकाला दोन्या ग्राउलियाची भट्टी आहे. ती पावाची बाळं करून देते, तोंड, वेण्या, कपडे सगळं काढून, ज्याचं त्याच्या नावानं. सातुर्निनोच्या घरात त्या वर्षी एकच नवं नाव होतं.

"पाव घेऊन सरळ घरी ये," एर्मेलिंदा म्हणाली.

"येतो की."

"मग पाठीवर काय घेतलंयस ते?"

सातुर्निनोनं सॅक्सोफोनची पेटी खांद्यावर सरळ केली. "असू दे. ओझं नाही होत मला."

"ओझ्याचं नाही विचारत मी."

त्यानं टोपी घातली आणि निघाला.

आता मागचं सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, पन्नाशी ओलांडलेला शहाणासुरता माणूस पाव आणायला वाद्य घेऊन का जातो.

नोएमी लहान होती, नऊएक वर्षांची, तेव्हा तिचं एक वासरू होतं. लुसेरो. कपाळावर पांढरा ठिपका. वर डोंगरात धुकं उतरलं आणि ते हरवलं. त्यांची दगडी कुंपणाची जुनी गोठण आहे ना वरच्या उतारावर, तिथं उभी राहून पोरीनं त्याला हाका मारल्या. काय आवाज होता तिचा! आपल्याकडच्या बायका वरच्या पट्टीत गातात हे खरं, पण ही त्याच्याही वर जायची, आणि तिथं पोचल्यावर आवाज बारीक व्हायचा सोडून उघडायचा. 'लुसेरोऽऽ' म्हणताना शेवटचा ओ खालून उचलून थेट आभाळात नेऊन ठेवायची. दिवसचे दिवस हाका मारल्या तिनं. वासरू काही मिळालं नाही. सातुर्निनोला मात्र गाणं मिळालं. त्यानं तीच हाक उचलली आणि तिच्याभोवती एक सांतियागो, म्हणजे त्याच नावाच्या जनावरांच्या सणाचं गाणं, बांधला. मग दरवर्षी जुलैअखेर, जनावरांच्या सणात, नोएमी पुढं उभी राहून तो गायची आणि आम्ही मागून वाजवायचो. गाण्याच्या शेवटी हाक आली की बाया डोळ्यांना पदर लावायच्या, आणि पुरुष तोंडाला पेला.

त्या वर्षी, म्हणजे चोवीसला, सणाच्या रात्री तिला ताप होता. अंगण गोठलेलं, आणि यजमान हट्टाला पेटलेला, की कामारेनांच्या पोरीचं गाणं झाल्याशिवाय सण झाला असं मी मानत नाही. ती बापाकडं बघायला लागली. सातुर्निनो म्हणाला, "एवढं एकच म्हण, बाळ. मग घरी जाऊ." मी तिच्या मागंच उभा होतो. तिनं म्हटलं, पूर्ण म्हटलं, शेवटचा ओ जिथं न्यायचा तिथं नेला. मग ती खाली बसली. हाऊहाच्या दवाखान्यात नेईपर्यंत छातीत पाणी भरलं होतं. चार दिवसांत गेली. एकोणीस वर्षांची होती.

सातुर्निनो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. त्यानं त्याऐवजी मनाशी एक गोष्ट पक्की केली. दोन नोव्हेंबरला स्मशानात, तिच्या मातीपाशी उभं राहून, तिची हाक सॅक्सोफोनवर वाजवायची, आणि तीही तिच्याच उंचीवर.

तुम्ही वाजवणारी पोरं आहात, तुम्हाला ठाऊक आहे हे काय मागणं आहे ते. आल्टोच्या चाव्या जिथं संपतात, तिथून पुढं चार-पाच सूर वर. तिथं चावी नाही, शिडी नाही, काही नाही.

मी त्याला म्हटलं, "कोंपाद्रे, खालच्या सप्तकात वाजव. गाणं तेच राहतं. लोक रडायचे ते रडतीलच."

"लोकांना रडवायचं नाहीये मला," तो म्हणाला. "खाली वाजवली तर ती माझी हाक होईल, तिची नाही. त्या दिवशी स्मशानात शंभर ऑर्केस्ट्रा एकदम वाजत असतात. त्या कोलाहलात तिला कळायला नको, आपली माणसं कुठं उभी आहेत?"

 

आपला विल्देर तेव्हा पहिल्या ओळीत होता, वांकायोला जाऊन शिकून आलेला, तरुण रक्त, उर्मट, पण हात सोन्याचा. सातुर्निनो त्याच्याकडं शिकायला जायला लागला. पोराच्या वयाच्या माणसापुढं पाठ ताठ करून बसायचा.

"चावू नका, मास्तर," विल्देर म्हणायचा. "ती मक्याची कणसं नाहीत. सगळी बोटं खाली ठेवा, अगदी तळाचा सूर लावा. आता बोटं हलवायची नाहीत. त्याच सुराच्या पोटातून वरचा सूर काढायचा, नुसत्या घशानं."

सातुर्निनो फुंकायचा. कधी म्हैस बाहेर पडायची, कधी उंदीर.

"परत चावलात."

"वरचे दात माझे नाहीत रे. कवळी आहे. ती हलते म्हणून मी दाबून धरतो."

"देवानं चणे दिले तेव्हा दात नेले म्हणायचे."

शेजारपाजारच्यांनी वात आणला. कोणी विचारायचं, काय कामारेना, रोज एक डुक्कर कापताय का? कोणी शपथेवर सांगायचं की कोंबड्यांनी अंडी द्यायची बंद केली. सातुर्निनो सगळ्यांना हसून हो म्हणायचा. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. तळाच्या सुरातून दुसरा निघाला, तिसरा निघाला, चौथाही निघायला लागला. त्याच्या पुढं मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

एक दिवस विल्देरनं सॅक्सोफोन त्याच्या हातून काढून घेतला. "मास्तर, हा सूर बोटांत नाही आणि ओठांतही नाही. फुंकायच्या आधी तो आत ऐकू यायला लागतो. आत ऐकू आला की घसा आपोआप त्याला जागा करून देतो. तुम्ही तर तिचे वडील. डोळे मिटा. येतोय ऐकू?"

सातुर्निनोनं डोळे मिटले. 

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"तोंड दिसतं तिचं. ओठ दिसतात, गळ्याची शीर दिसते. आवाज नाही येत. आवाज गेला माझ्यातून."

विल्देरनं सॅक्सोफोन पुसला आणि पेटीत ठेवला.

तुम्ही म्हणाल, फोनवर असेल की. तिच्या फोनवर असेलही, पण तो उघडायचा आकडा तिच्याबरोबर गेला. गावातल्या लोकांच्या फोनवर सणाची चित्रणं होती, ती सगळी त्यानं दारोदार जाऊन पाहिली. त्यात ढोल ऐकू येतो, हार्प ऐकू येतं, आणि आम्ही चौदा सॅक्सोफोन ऐकू येतो. ती दिसते, तोंड उघडलेलं दिसतं, आणि वर आमचा गोंगाट. इतकी वर्षं तिच्या मागं उभं राहून आम्ही तिलाच बुडवत होतो, हे मला तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

घरात एर्मेलिंदा वेगळीच धुमसत होती.

"ती वासराची हाक आहे, सातु," ती त्याला म्हणाली. "आणि तू ती रात्री वाजवत बसतोस."

"दिवसा शेतात असतो मी."

"दिवस मावळल्यावर वासराला हाक मारत नाहीत. तुझ्या आईनं नाही शिकवलं तुला? रात्री जे येतं ते वासरू नसतं."

"मी कुठं वासराला बोलावतोय? आवाज तिचा आहे ना?"

"आवाज तिचा आहे," एर्मेलिंदा म्हणाली, "पण हाक वासराची आहे. तिला कोणी कधी त्या हाकेनं बोलावलं नाही. जेवायला बोलवायचं तर तू दारातून साधी शिट्टी मारायचास."

त्याला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. दुःखात बुडालेला माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो.

तर त्या गुरुवारी सातुर्निनो भट्टीवर पोचला. दोन्या ग्राउलियानं पावाचं बाळ पांढऱ्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. "दोन वेण्या घातल्यात," ती म्हणाली. "एक जरा करपली. माफ करा, सातुर्निनो." त्यानं पाव कोटाच्या आत छातीशी धरला. गरम होता अजून. भट्टीच्या मागून वर गोठणीकडं पाऊलवाट जाते. एकदाच वाजवून बघू, दोनच दिवस राहिले, असं म्हणून तो वर वळला.

गोठणीत पोचला तेव्हा पूर्ण काळोख झाला होता. चंद्र नव्हताच त्या रात्री. खाली गावाचे दिवे, कुठंतरी लांब एक ऑर्केस्ट्रा सराव करत होता, आणि वर नुसता डोंगर. गोठण रिकामी. कामारेनांनी जनावरं केव्हाच विकली होती. तो कुंपणाच्या दगडावर बसला, पाव शेजारी ठेवला, सॅक्सोफोन जोडला.

तळाचा सूर लावला. दुसरा काढला. तिसरा. चौथा. पुढं नुसती हवा.

परत. परत नुसती हवा.

किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. खालचा ऑर्केस्ट्रा थांबला, गावातले दिवे एकेक करून गेले. थंडीनं ओठ सुजले, फाटले. कवळी सारखी सटकायला लागली तेव्हा त्यानं वैतागून ती तोंडातून काढली आणि खिशात टाकली. वरचा ओठ नुसत्या हिरडीवर दुमडला. चावायला आता काही उरलंच नव्हतं. तसाच फुंकला.

आणि तो सूर आला.

आधी दोऱ्याएवढा बारीक. मग तो उघडला. सातुर्निनो म्हणाला, मी तो काढला असं मला वाटलंच नाही, माझा घसा कोणीतरी आतून हळूच बाजूला सारला. सूर आला तसा आवाजही आठवला. तीन महिन्यांनी, सगळा. तिचं हसणं, तिचं बापाला 'तायता, जेवायला चल' म्हणणं, तापातलं कण्हणं. सगळं एकदम. डोळ्यांतलं पाणी सॅक्सोफोनच्या गळ्यावरून खाली वाहत होतं आणि तो थांबत नव्हता. पूर्ण हाक वाजवली त्यानं. शेवटचा ओ जिथं न्यायचा तिथं नेला. मग श्वास संपला.

डोंगरावरून हाक परत आली.

प्रतिध्वनी, तो मनाशी म्हणाला. त्यानं पुन्हा वाजवली.

पुन्हा परत आली. पण या वेळी जरा उशिरा. आणि समोरून नाही… मागून. वरच्या अंगानं, जिथं उघडी माती आहे, कडा नाही, भिंत नाही. तिथून प्रतिध्वनी येत नाही.

प्रतिध्वनीत सूर असतो. यात शब्द होता.

'लुसेरोऽऽ…'

चहा ओत रे, येर्सोन. 

तर… सातुर्निनो मागं वळला नाही. वळायची हिंमत झाली नाही. त्यानं वाजवलं. हाक आली. त्यानं वाजवलं. हाक आली, आणि जरा जवळून आली. तिसऱ्यांदा दगड घरंगळल्याचा आवाज झाला. कोणीतरी उतारावरून खाली येत होतं. हलकं पाऊल. सवयीचं.

मग बोलणं ऐकू आलं. मोठ्यानं नाही. आपण बुजलेल्या जनावराशी बोलतो ना, तसं.

"ये… ये रे बाळा… कुठं आहेस…"

तिचंच. त्याला शंका नव्हती.

आता बघा त्याची काय दशा झाली ते. तिला नावानं हाक मारायची, तर तोंडातून सॅक्सोफोन काढावा लागणार. सॅक्सोफोन काढला, तर सूर तुटणार. सूर तुटला, तर ती त्या काळोखात वाट चुकणार. वाजवत राहिला तर ती येत राहील… पण बापाकडं नाही. सुराकडं.

तो वाजवत राहिला. छाती फुटेपर्यंत वाजवत राहिला.

पावलं कुंपणापाशी आली. थांबली. दोरीचा आवाज झाला, हातातल्या हातात गुंडाळल्याचा.

"कुठं आहेस रे…"

अगदी पाठीशी.

श्वास संपला.

सूर तुटला.

सगळं शांत झालं. त्याला वाटलं, गेली. आता परत गेली. तो जिवाच्या आकांतानं ओरडला. नोएमी म्हणून ओरडला. पण ओठ सुजून बधिर झालेले. तोंडात दात नाहीत. जीभ गोठलेली. जे बाहेर पडलं ते नाव नव्हतं.

"ओ… ए… ई…"

त्याचं त्यालाच ऐकू आलं. वासरू हंबरतं तसं.

मागून ती हसली. हलकंच. दमलेला माणूस सुटल्यासारखं वाटलं की हसतो, तसं.

"इथं आहेस होय…"

मानेवर हात पडला.

हात गरम होता. हे तो मला दोनदा म्हणाला. हात गरम होता, फोर्तुनातो, तापातल्यासारखा.

"किती शोधलं रे तुला," ती म्हणाली. "किती थंडगार पडलायस."

त्याला वळायचं होतं. मान वळेना. मी आहे, तुझा तायता आहे, म्हणायचं होतं. म्हणायला गेला की तोच आवाज यायचा. म्हणून मग तो गप्प बसला. तिला वासरू सापडलं होतं. दहा वर्षांनी सापडलं होतं. ते पुन्हा तिच्यापासून हिरावून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

हात मानेवरून वर आला. कानापाशी थांबला. दोन बोटांत कान धरून चोळायला लागला, हळूहळू, ऊब येईपर्यंत.

"आता नाही हं हरवायचं…"

त्यापुढचं त्याला आठवत नाही.

उजाडलं तेव्हा तो कुंपणाला टेकून बसलेला होता. मांडीवर सॅक्सोफोन, शेजारी पाव, दोन्हींवर दहिवराचा पांढरा थर. आजूबाजूला पाऊलखुणा नव्हत्या. असत्या तरी दहिवरात काय दिसणार म्हणा. पाव घेऊन तो खाली उतरला.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे. त्या सकाळी मी लवकर त्यांच्या घरी गेलो होतो, टेबलाला हातभार लावायला. एर्मेलिंदा दारातच उभी होती, रात्रभर न झोपलेली. तो अंगणात आला तसं तिनं तोंड उघडलं, चांगली झापणार होती त्याला. आणि तशीच थांबली.

तिनं त्याची टोपी काढली.

त्याच्या डाव्या कानाच्या पाळीत फीत ओवलेली होती. गुलाबी आणि हिरवी, नवी कोरी. सांतियागोला आपण जनावरांच्या कानात ओवतो तशी, पाळीतून आरपार, आतल्या बाजूला गाठ, टोकं तिरपी कापलेली. भोकापाशी रक्ताचा एक थेंब सुकला होता. सातुर्निनोनं हात लावून पाहिला आणि हात झटकन मागं घेतला. त्याला काही माहीत नव्हतं. सुई टोचल्याचंही आठवत नव्हतं. 

विकायच्या जनावराच्या कानात फीत ओवत नाहीत, ठेवायचं असतं त्याच्याच ओवतात. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्यानं आम्हाला सगळं सांगितलं, तिथंच, अंगणात उभ्या उभ्या, कवळी न लावता, बोबड्या बोलांत. एर्मेलिंदानं मध्ये एकदाही अडवलं नाही. झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"किती शोधलं तुला, म्हणाली."

"कोणाला?"

सातुर्निनोनं कानातल्या फितीला हात लावला.

दोन तारखेला स्मशानात त्यानं वाजवलं नाही. पेटी आणलीच नव्हती. मी माझ्या बॅरिटोनवर वाजवलं, दोन सप्तकं खाली, जमेल तसं. तो तिच्या मातीपाशी उभा राहिला, टोपी न घालता, आणि लोक त्याच्या कानाकडं बघत राहिले. अजूनही ती फीत त्याच्या कानात आहे. त्याच्या गावी गेलात तर बघून या, तो लपवत नाही.

पण मला त्याचं एवढं वाईट वाटत नाही. त्याला तरी काहीतरी मिळालं. मला आठवते ती त्या सकाळची एर्मेलिंदा. त्याचं सांगून झालं, तो आत गेला, आणि मी तिथंच आहे हे ती विसरली. तिनं आपली एक वेणी मागं टाकली आणि कान चाचपला. मग दुसरी वेणी मागं टाकली आणि दुसरा कान चाचपला. मग पुन्हा पहिला.

काही नव्हतं.

आपल्याकडची थंडी तुम्ही जाणता. लोकरीची टोपी कानांवर ओढल्याशिवाय कोणी निजत नाही, कुत्रीसुद्धा तोंड पोटात खुपसतात. सातुर्निनो सांगतो, त्या रात्रीपासून एर्मेलिंदा वेण्या वर बांधून, दोन्ही कान उघडे टाकून निजते.